पांढऱ्या जमिनीस एकच औषध नव्हे

शेतात पांढरा थर दिसू लागला की जमीन खारवट झाली असे मानावयाचे आणि भरपूर पाणी देऊन ती धुऊन काढावयाची, ही समजूत बागायती गावांतून पुष्कळ दिवस चालत आलेली आहे. काही जमिनींच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु भारी चिकणमातीच्या जमिनीत हाच उपाय कित्येकदा अपायकारक होतो. पाणी मुरत नाही, पीक पिवळे पडते आणि पूर्वी निदान ज्वारी तरी येत असे त्या तुकड्यावर पुढे गवतही उगवत नाही. दोष पाण्याचा नसतो आणि शेतकऱ्याच्या कष्टांचाही नसतो. रोग ओळखण्यापूर्वी औषध दिले गेलेले असते.

हा भेद स्पष्टपणे समजावयाचा असेल तर कॅनडातील अल्बर्टा व सस्कॅचेवान या प्रांतांच्या गवताळ मैदानातील जमिनींकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत ही मैदाने बर्फाच्या प्रचंड थराखाली दबलेली होती. बर्फ सरकत असता त्याने खालचे खडक खरवडले, भरडले आणि धोंडे, वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे न निवडलेले मिश्रण जागोजाग टाकून दिले. अनेक ठिकाणी खाली असलेला खडक म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला चिकणमातीचा मऊ, पापुद्र्यांचा खडक होता. त्यातील सोडियमचे क्षार हिमाने आणलेल्या त्या मातीत उतरले. त्या प्रदेशात पाऊस कमी. क्षार समूळ वाहून जातील इतके पाणी तेथे कधीच मिळाले नाही. भूजलाबरोबर ते वर येत राहिले आणि चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला.

जमिनीच्या पोटात काय दिसते

अशा जमिनीत खड्डा खणला असता थर स्पष्टपणे वेगळे दिसतात. वरचा थर पातळ, गवताच्या मुळ्यांनी काळसर झालेला असतो. त्याखाली पुष्कळदा राखेच्या रंगाचा, पापुद्र्यापापुद्र्यांचा थर लागतो. त्यातील चिकणमाती खाली उतरून गेलेली असते. त्याच्याही खाली खरा अडथळा असतो. हा थर उभ्या खांबांच्या रूपाने उभा असून खांबांचे माथे वाटोळे असतात. कोरडा असता तो कुदळीलाही दाद देत नाही आणि ओला झाला की चिकट लगदा होतो. पिकाची मुळे खांबांत शिरू शकत नाहीत. दोन खांबांमधील फटींतून ती दबून, चपटी होऊन खाली जातात. या थराच्या खाली चुनखडी, जिप्सम व इतर क्षार साचलेले आढळतात.

रशियन शेतकरी अशा जमिनीला ‘सोलोनेट्झ’ म्हणत, आणि शास्त्रज्ञांनीही तेच नाव स्वीकारले. कॅनडाच्या वर्गीकरणात या कठीण थराची एक कसोटी ठरलेली आहे. मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमचे सोडियमशी प्रमाण १० किंवा त्याहून कमी असले, तर तो थर सोडियमने बिघडलेला समजावा. क्षार किती आहेत यापेक्षा कणांवर कोण बसले आहे, या प्रश्नाला येथे अधिक महत्त्व दिलेले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेथील शेतकऱ्याच्या अडचणीही आपल्या शेतकऱ्यास ओळखीच्या वाटतील. एकाच वावरात चार पावलांवर गहू कमरेइतका, तर पुढे चार पावलांवर घोट्याइतका. आज शेतात औत घालावे तर चिखल, चार दिवसांनी घालावे तर दगड. वाफशाचा काळ हाती लागतो न लागतो तोच निघून जातो. वारा-पाण्याने वरचा थर उडून वाहून गेला की खालचा कठीण थर उघडा पडतो आणि तेथे काहीच रुजत नाही.

धुण्याने जमीन का बिघडते

मातीच्या पाण्यात विरघळलेले क्षार पुष्कळ असले तर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. अशा जमिनीवर पांढरा थर दिसतो, पीक क्षारांमुळे मरते, परंतु माती भुसभुशीत राहते आणि पाणी मुरते. आता या जमिनीच्या कणांना सोडियम चिकटलेला असला आणि तिच्यात नुसते गोडे पाणी सोडले, तर विरघळलेले क्षार निघून जातात, सोडियम मात्र कणांवरच राहतो. कण एकमेकांना सोडून देतात, फुगतात, पाण्याबरोबर खाली उतरतात आणि जमिनीची छिद्रे बुजवतात. खारवट जमीन चोपण होते ती अशी. रशियातील गेड्रॉइट्स या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हीच क्रिया उलगडून दाखविली. कॅनडातील जमिनीत निसर्गाने जे काम हजारो वर्षांत केले, ते कालव्याच्या पाण्याने एका पिढीत होऊ शकते.

महाराष्ट्रात हिमाने आणलेली माती नाही. येथील काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तरीही दोन्हीकडील चिकणमातीचे कण पुष्कळसे एकाच जातीचे आहेत: ओले होता फुगणारे, वाळता आकसून भेगा पाडणारे. अशा कणांवर सोडियम बसला म्हणजे परिणाम सारखाच होतो. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींची पाहणी डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्याने १९१० साली प्रसिद्ध केली. इतक्या जुन्या काळी जो प्रश्न मांडला गेला, तो आजही कालव्यांच्या व उपसा सिंचनाच्या भागांत कायम आहे. ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

परदेशी उपायाचे अनुकरण

अल्बर्टात या जमिनींवर खोल नांगरणीचा प्रयोग यशस्वी झालेला आहे. मोठ्या नांगराने दीड ते दोन फूट खोल उलटी करून खालचे जिप्सम व चुनखडी वरच्या कठीण थरात मिसळतात. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि थर मोकळा होतो. हे ऐकून आपल्याकडेही चोपण जमिनीत ट्रॅक्टरचा मोठा नांगर घालावा, असा सल्ला कोणी देईल. तो सल्ला तपासल्यावाचून मान्य करू नये. तेथे औषध जमिनीच्या पोटातच साठलेले होते म्हणून नांगर उपयोगी पडला. ज्या जमिनीत ते नांगराच्या टप्प्यात नव्हते तेथे कॅनडातही ही नांगरणी करू नये असेच सांगितले जाते. आपल्या चोपण जमिनींत खाली चुनखडी विपुल असते, परंतु चुनखडी पाण्यात फार थोडी विरघळते. जिप्सम क्वचितच असते, आणि सोडियम कित्येकदा खोलीबरोबर वाढत जातो. अशा ठिकाणी खोल नांगरणी केल्यास खालची वाईट माती वर येईल आणि वरची बरी माती गाडली जाईल. भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे जातील ते वेगळेच.

म्हणून या प्रदेशाकडून त्याचा नांगर घेण्याऐवजी त्याची सवय घ्यावी, आणि ती सवय म्हणजे खड्डा खणून पाहण्याची. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी साधारणपणे वरच्या वीतभर थरातील माती घेतली जाते. तीत १२ गुणधर्मांची नोंद असते. सामू व विद्राव्य क्षार त्यांत आहेत. कणांना चिकटलेला सोडियम त्यांत नाही. खताची मात्रा ठरविण्यास ती पत्रिका चांगली आहे. परंतु ज्या गावी भारी जमीन, बारमाही पाणी आणि अपुरा निचरा या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, तेथे तेवढ्यावर विसंबून चोपण जमिनीचा इलाज सांगणे हे नाडी न पाहता काढा देण्यासारखे आहे. अशा गावांपुरती तरी सोडियमची तपासणी नित्याची व्हावी, आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटाची माती निरनिराळ्या पिशव्यांत प्रयोगशाळेकडे जावी. याला खर्च व वेळ लागेल, अशी हरकत घेतली जाईल. ती खोटी नाही. परंतु एका चुकीच्या सल्ल्याने वाया जाणारे जिप्सम, पाणी आणि दोन हंगाम यांच्या मानाने तीन पिशव्यांचा खर्च थोडाच आहे.

गावपातळीवर काय करता येईल

प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीही काही गोष्टी कार्यकर्त्यास व शेतकऱ्यास बांधावर पाहता येतात. मातीचे कोरडे ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात न हलविता ठेवावे. ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशीही तो निवळला नाही, तर सोडियमचा संशय बळावतो. पाणी लवकर नितळ झाले तर कण एकमेकांना धरून आहेत असे समजावे. मात्र क्षार फार असलेल्या मातीतही पाणी नितळ राहते. म्हणून या परीक्षेवर अखेरचा निर्णय देऊ नये.

उपायांचा क्रमही मोडू नये. प्रथम चर काढून निचऱ्याची वाट करावी; पाणी बाहेर जाण्यास जागा नसेल तर पुढील सर्व खर्च व्यर्थ होय. त्यानंतर प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेने जिप्सम वरच्या थरात मिसळावे. जेथे चुनखडी भरपूर आहे तेथे गंधकाचाही विचार करता येतो; जमिनीतील सूक्ष्म जीव त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते. यानंतर धुण्याचे पाणी द्यावे आणि मग धैंचा घेऊन तो फुलोऱ्यापूर्वी गाडावा. विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे. पाण्यातूनच सोडियम येत असेल तर एका हाताने काढलेले दुसऱ्या हाताने पुन्हा भरले जाईल.

खारवट जमिनीला पाणी हवे असते, चोपण जमिनीला आधी कॅल्शियम हवा असतो, आणि पाणथळ जमिनीला सर्वांच्या अगोदर निचरा हवा असतो. कित्येक वावरांत हे तिन्ही दोष एकत्र नांदतात. त्यांतील कोणता कोठे आहे, हे बांधावर उभे राहून कळत नाही. येत्या उन्हाळ्यात वावर रिकामे होताच प्रत्येक गावी निदान एका बिघडलेल्या शेतात तीन फूट खोल खड्डा घेतला जावा आणि तो शेजारच्या चार शेतकऱ्यांनी एकत्र पाहावा. जिप्समची मागणी त्यानंतर नोंदवावी.