कडाबिनीचा साचा

जुन्या वाड्यात एखादी बंदूक सापडली की घरातली झाडून सारी माणसे तिच्या नळीकडे बघतात. कोणी दस्त्यावरचे पितळी काम न्याहाळतो, कोणी चाप ओढून बघतो (हे मात्र करू नये, आत जुना बार भरलेला असू शकतो). त्याच कोनाड्यात अडकित्त्यासारखे दिसणारे एक अवजार पडलेले असते, त्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. दोन दांड्या, टोकाला दोन जाड पाकळ्या. पाकळ्या मिटल्या की आत गोल पोकळी आणि वर वितळलेले शिसे ओतायला भोक. हा गोळीचा साचा. आपल्या वऱ्हाडात जुन्या बंदुकांच्या आधी या साच्यांची काळजी घ्यायला हवी, आणि ते काम कला शाखेचे आहे, असे माझे मत आहे.

आमचे विज्ञान शाखेचे मित्र हसतील. हसोत बापडे.

कडाबीन म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक. इंग्रज तिला कार्बाइन म्हणतो, जुन्या मराठीने तिला कडाबीन केले. ती काळ्या दारूवर चाले, आणि तिला कोणती गोळी लागेल हे ठरवणे वाटते तितके सोपे नव्हते. गावठी कारागिराने घडवलेली प्रत्येक नळी वेगळी. शेजारच्या घरची गोळी आपल्या बंदुकीला चालेलच असे नाही. म्हणून प्रत्येक बंदुकीचा साचा तिच्याबरोबरच राही. मुलीबरोबर तिची पेटी पाठवावी तसा.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतही 'बाराबोर' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. बारा म्हणजे काय, असे विचारले तर फार थोडे सांगतील. नळीच्या मापाच्या गोल गोळ्या शुद्ध शिशाच्या ओतल्या आणि एका पौंडात बारा बसल्या, की ती नळी बारा बोअरची. म्हणजे मूळ माप इंचाचे नसून शिशाच्या वजनाचे होते. आकडा वाढला की नळी लहान होते. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंचाची, आणि तिच्या गोळ्या पौंडात चौदा. नळी जवळजवळ अकरा बोअरची आणि गोळी चौदाची, हा फरक चुकून राहिलेला नाही. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो. गोळी घट्ट असेल तर चार-पाच बारांनंतर ती गजाने ठोकूनही खाली उतरत नाही. लढाईत सैल गोळी परवडते, अडकलेली परवडत नाही.

कडाबिनीच्या बाबतीत आणखी एक पेच. स्वाराची बंदूक खोगिराशी टांगलेली, पुष्कळदा तोंड खाली. घोडा दौडू लागला की सैल गोळी घरंगळून बाहेर. म्हणून वरून कागदाचा बोळा ठासावा लागे. साचा निवडणारा माणूस या दोन संकटांच्या मधोमध उभा असे, आणि घोड्याच्या पाठीवर बसून भरता येईल एवढी सोय त्याला ठेवावी लागे.

हा झाला गुळगुळीत नळीचा हिशोब. नळीला आत आटे पडले आणि हिशोब फिरला. १८४९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिए नावाच्या अधिकाऱ्याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी पुढे आणली. भरताना ती सैल जाते. बार उडाला की बुडाची पोकळी फुगते आणि गोळी आट्यांत घट्ट बसते. इंग्रजांच्या १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीची नळी ०.५७७ इंचाची. तिची गोळी आधी ०.५६८ इंचाची होती, पुढे काजळीचा त्रास होऊ लागल्यावर ती ०.५५० इंचावर आणावी लागली. या गोळीला शिसे मऊच हवे. त्यात अँटिमनी मिसळून ते कडक केले की बूड फुगत नाही आणि नेम जातो. मागून भरायच्या कडाबिनींचे तर उलटेच: तिथे गोळी नळीहून किंचित जाड हवी, कारण तिला दारूचा जोरच आट्यांत रेटून नेतो. थोडक्यात, साचा पाहिला की बंदूक पुढून भरायची की मागून, गुळगुळीत की आट्यांची, हे कळते. नुसती बंदूक पाहून सगळे कळतेच असे नाही.

आता खरा मुद्दा. १८५७ चा उठाव एन्फील्डच्या काडतुसांच्या चरबीवरून भडकला, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर काय झाले ते फारसे शिकवत नाहीत. इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी एन्फील्डसारख्याच दिसणाऱ्या पण आटे नसलेल्या, ०.६५६ इंच नळीच्या बंदुका काढल्या. बाहेरून तीच बंदूक, तेच चाप, तोच राजमुकुटाचा ठसा; आतून दूरचा नेम काढून घेतलेला. गोऱ्याला आटे, काळ्याला गुळगुळीत नळी. ठशावरून साचा निवडणारा इथे हमखास फसतो. आणि शेजारी ठेवलेले दोन साचे, एक लांबट गोळीचा आणि एक गोल गोळीचा, राज्यकर्त्यांचा अविश्वास जितका स्पष्ट सांगतात तितका कोणताही जाहीरनामा सांगत नाही. हे वाचणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे तर कोणाचे?

आपल्या भागात ही सामग्री विपुल असावी, याला कारणे आहेत. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तोच मुळी हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी. या फौजेची छावणी एलिचपूरला, आजच्या परतवाड्याला होती, आणि तिच्यात घोडदळही होते. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. माणसे गेली, वस्तू राहिल्या. (गंमत अशी की १८६१ ते ६५ च्या ज्या अमेरिकन यादवीत कडाबिनी हजारोंनी वापरल्या गेल्या, त्याच यादवीने आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणला.) मेळघाटाच्या पायथ्याशी पिकांच्या राखणीसाठी ठेवलेली 'भरमार' म्हणजे या सगळ्या कुळातली शेवटची धाकटी बहीण.

मग हे साचे जातात कुठे? पितळी असले तर मोडीत, किलोच्या भावाने. लोखंडी असले तर भंगारात. काही जण भीतीने विहिरीत टाकतात, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही धरलेली आहे. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा कालबाह्य हत्याराला तोच कायदा सूट देतो, पण आजोबांचा अडकित्ता कुठल्या कलमात बसतो हे शेतकऱ्याला कोण सांगणार? जिल्हाधिकारी कार्यालयाने याबाबत चार ओळींचे साधे पत्रक मराठीत काढले तरी पुष्कळ वस्तू वाचतील.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या भूमीत माणूस मारण्याच्या साधनांचे कौतुक कशाला? कौतुक करा असे मी म्हणतच नाही. अमेरिकेतले हौशी लोक जुन्या कडाबिनीच्या नळीतून मऊ शिशाचा गोळा दाबून बाहेर काढतात, त्याचे माप घेतात, त्या मापाचा नवा साचा मागवतात आणि बंदूक उडवतात. त्यांचे मोजणे आपण घ्यावे, उडवणे घेऊ नये. शंभर-दीडशे वर्षांची गंजलेली नळी डोळ्यांदेखत फुटू शकते, आणि शिशाची वाफ विषारी असते. आपल्याला साचा निवडायचा तो जुळवण्यासाठी: ही बंदूक कोणाची, हा साचा तिचाच का, की दुसऱ्याच वाड्यातून आला?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. इतिहास मंडळाने एक नोंदवही घ्यावी, भौतिकशास्त्र विभागाकडून व्हर्निअर कॅलिपर मागून आणावा. घरमालकाची परवानगी घेऊन, बंदुकीला हात न लावता, फक्त साच्याच्या पोकळीत प्लॅस्टर किंवा मेण भरून गोळीची प्रतिकृती काढावी. पोकळी गोल की लांबट, व्यास किती, गोळ्या एका वेळी किती निघतात, धातू कोणता, कुठे खूण किंवा अक्षर कोरले आहे का, आणि घरातली म्हातारी माणसे त्याला काय म्हणतात, हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत आधी भरावा, कारण साचा आणखी पन्नास वर्षे टिकेल, ती माणसे टिकणार नाहीत. नावगाव मात्र वहीत ठेवू नये, नुसता क्रमांक घालावा. चोरांनाही वाचता येते.