खालिद जमीलना हटवून काय साधणार? दुखणं बाकावर नाही, मुळात आहे

गडहिंग्लज : ढाक्यात 18 नोव्हेंबरला बांगलादेशनं भारताला 1-0 नं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर एकच विषय होता, कोच बदला. बांगलादेशकडून हरायची वेळ 22 वर्षांनी आली, त्यामुळं पोरांचा राग समजण्यासारखा आहे. पण रागाच्या भरात घेतलेला निर्णय किती टिकतो, हे भारतीय फुटबॉलनं दीड वर्षात दोनदा पाहिलंय. म्हणून जरा हिशेब मांडून बघूया.

आकडे काय सांगतात?

2027 च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीत भारताच्या गटात सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश होते. गटात पहिला येणारा एकच संघ सौदी अरेबियाला जाणार. पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गुण फक्त दोन होते. एकही विजय नव्हता. 2019 आणि 2023 असे लागोपाठ दोन आशियाई करंडक खेळलेला आपला संघ आता घरी बसणार.

यातलं जमील यांच्या वाट्याला किती येतं? ते 1 ऑगस्ट 2025 ला नेमले गेले. त्याआधीच बांगलादेशशी शिलाँगमध्ये गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून 0-1 पराभव झालेला होता. म्हणजे पीक निम्मं वाळल्यावर रान यांच्या ताब्यात आलं. पहिल्याच परदेश दौऱ्यात, मध्य आशियाच्या काफा नेशन्स करंडकात, ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर 2-1 नं हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवलं आणि तिसरा क्रमांक मिळवला. तो दौरा फिफाच्या ठरलेल्या तारखांत बसत नाही म्हणून मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नव्हते, तरीही.

मग ऑक्टोबर आला. सिंगापुरात संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांत खेळून शेवटच्या मिनिटांत रहीम अलीच्या गोलनं 1-1 बरोबरी झाली. पाच दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला छांगतेनं सुरुवातीलाच गोल केला. आता जमतंय असं वाटलं, आणि सिंगापूरच्या साँग उई-यंगनं दोन गोल करून खेळ संपवला.

जमील यांची चूक नाही का?

आहे. घरच्या मैदानावर 1-0 पुढं असताना सामना हातातून जातो, तेव्हा कोचला जाब विचारलाच पाहिजे. फातोर्ड्यात मध्यरांगेत चेंडू टिकत नव्हता, लांब मारायचा आणि नशिबावर सोडायचं असं चाललं होतं. ढाक्यात अकरा-बारा मिनिटांतच गोल बसला, पुढं जवळपास 80 मिनिटं हातात होती, तरी परतफेड झाली नाही. हा दोष कोचच्या खात्यावरच पडतो. तो कोच भारतीय आहे म्हणून माफ करायचं कारण नाही.

पण हटवायचं तर पुढं काय, हे सांगायला कुणी तयार नाही. जून 2024 मध्ये स्टिमॅक यांना काढलं. करार शिल्लक असल्यामुळं महासंघाला सुमारे 4 लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. मग मानोलो मार्केझ आले. एफसी गोवाचं कामही तेच बघत होते. एका वर्षात राष्ट्रीय संघानं त्यांच्याकडं एकच सामना जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. त्यानंतर जमील. जुलै 2023 मध्ये जागतिक क्रमवारीत 99 व्या नंबरवर असलेला संघ नोव्हेंबर 2025 मध्ये 140 च्याही खाली गेला होता. या काळात तीन कोच झाले, घसरण काही थांबली नाही.

उसाला बेणंच रोगट असेल, तर पाणी पाजणारा गडी बदलून उतारा वाढत नाही. इथंही तसंच झालंय.

गोल करणार कोण?

2024-25 च्या आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त 23 गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईनं केले. भारतीयांत पहिला कोण? चाळिशीतला सुनील छेत्री, 14 गोल. जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च 2025 मध्ये परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. क्लब पुढच्या फळीत परदेशी खेळाडू उतरवतात, आपली पोरं कडेला किंवा बाकावर. वर्षभर क्लबात जो नऊ नंबरला खेळलाच नाही, त्याला राष्ट्रीय संघाचा कोच दहा दिवसांच्या शिबिरात काय शिकवणार?

त्यात नोव्हेंबर 2025 मध्ये लीगच सुरू नव्हती. महासंघाचा व्यावसायिक भागीदाराबरोबरचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता. नव्या निविदेला 7 नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी स्पर्धा नोव्हेंबर संपत आला तरी ठप्प होती. सामन्यांचा सराव नसलेली पोरं घेऊन जमील ढाक्याला गेले. समोर लेस्टर सिटीचा हमझा चौधरी होता. बांगलादेशनं परदेशात वाढलेले आपल्या वंशाचे खेळाडू शोधून आणले, आपण तेव्हा कागदपत्रातच होतो.

आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहारच्या सामन्यांना जी गर्दी होते आणि गडहिंग्लजला दिवाळीत जी स्पर्धा रंगते, ती बघून आपल्या तालुक्यातली पोरं बूट घालतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात गेला, पुढं आयएसएल आणि भारतीय संघापर्यंत पोचला. तो रस्ता लीगमधून जातो. लीग बंद म्हणजे रस्ता बंद. मग उसाच्या बिलातून पोराला बूट घेऊन देणारा बाप पुढच्या वर्षी म्हणणार, पोलीस भरतीचं बघ आता. त्याला चूक कसं म्हणायचं?

मग करायचं काय?

जमील यांना ठेवावं, पण मोकळं सोडू नये. 170 अर्जांतून निवडलेला, 13 वर्षांनी आलेला हा पूर्णवेळ भारतीय कोच आहे. आदल्या हंगामात खाली घसरलेल्या आयझॉलला यानंच 2016-17 मध्ये आय-लीग जिंकून दिली. कमी साधनांत संघ बांधायचा कसा, हे त्यांना कळतं. त्यांचा दोन वर्षांचा करार आहे, तो पुरा करू द्यावा.

त्याबदल्यात दोन गोष्टी मागाव्यात. मार्च 2026 मधला हाँगकाँगविरुद्धचा शेवटचा सामना फक्त मानाचा होता, तशा सामन्यांत 23 वर्षांखालील पोरं उतरवावीत. आणि पुढच्या वर्षभराचं उद्दिष्ट जमील यांनी आत्ताच जाहीर सांगावं, म्हणजे हिशेब करताना वाद नको.

महासंघाकडं मागणी एकच, पण ती सगळ्यात मोठी. लीगची तारीख सांगा. ती सांगता येत नसेल, तर आधी कोचची नव्हे, त्या खुर्च्यांची चर्चा व्हायला हवी.