रुपये कसले छापता, ग्रॅम छापा!



‘लाखोंचे एमडी जप्त, तरुण गजाआड’ या थाटाच्या तीन बातम्या या आठवड्यात आपल्या अंकात वाचल्या. तिन्हींत मालाची किंमत ठळक होती. एकीत टेबलावर मांडलेल्या पुड्या आणि त्यांच्यामागे ओळीने उभे अधिकारी असे छायाचित्रही होते. वजन मात्र एकाही बातमीत नाही! अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याला, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात त्याला, रुपये कळत नाहीत. त्याला तराजू कळतो.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २ ग्रॅमच्या आत असेल तर शिक्षा फार तर १ वर्ष सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर गेले की १० वर्षांपर्यंत. आणि ५० ग्रॅमच्या वर गेले की किमान १०, कमाल २० वर्षे, शिवाय किमान १ लाख दंड. तिथे जामीनही सहज मिळत नाही आणि दोषारोपपत्राला पोलिसांना १८० दिवस मिळतात. गांजाला हीच मोजपट्टी १ किलो आणि २० किलोची. म्हणजे किलोभर गांजा आणि २ ग्रॅम एमडी कायद्याच्या एकाच पायरीवर! हे किती पालकांना ठाऊक आहे?

मी सत्र न्यायालयात मुद्देमाल कारकून होतो. लाखेचे सील लावलेली पाकिटे नोंदवहीत चढवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. एकदा व्हरांड्यात एका आईने पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढून पुढे केले. “साहेब, दोन लाखांचा माल लिहिलाय. किती वर्षं आत ठेवतील हो?” मी विचारले, पंचनाम्यात ग्रॅम किती? तिला माहीत नव्हते. वकिलाने पाहून सांगितले, तीन. “तीन ग्रॅम म्हणजे केवढं?” मी कँटीनमधला साखरेचा चमचा दाखवला. तोही पुरता भरला नसता. पण दोनाची रेघ ओलांडली होती, म्हणजे दहा वर्षांपर्यंतची टांगती तलवार. कात्रणात यातले काहीच नव्हते.

‘मालात निम्मी भेसळच असते, वजन कमीच भरेल’ अशी पोरांची समजूत असते. २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की मिश्रण असेल तर भेसळीसकट सगळे वजन धरायचे. ‘बॅग मित्राची होती’ हेही नुसते म्हणून भागत नाही. माल ज्याच्या ताब्यात सापडला, त्याला तो जाणूनबुजून बाळगत होता असेच कायदा आधी गृहीत धरतो. तसे नव्हते हे त्यालाच सिद्ध करावे लागते. मित्राची बॅग ‘पाच मिनिटं धर’ म्हणून हातात घेणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार?

शाळा-महाविद्यालये तर नक्कीच नाहीत. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेरी निघते, फलक नाचतात, पाहुण्यांना नारळ दिला जातो आणि सगळे घरी जातात. पण याच एनडीपीएस कायद्यात ६४-अ हे कलम आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी अथवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. ज्या घरात पोरगा हातातून निसटतो आहे, त्या घराला पोलिसांच्या आधी हे कलम कळायला हवे. त्या फलकांवर ते मी तरी कधी पाहिले नाही.

मुलांना शिक्षेपासून वाचवा असे माझे म्हणणे नाही. विकणाऱ्याला २० वर्षे होवोत, आनंदच आहे. पण धाक बसायचा तर तो खऱ्या आकड्याचा बसू द्या. ती बाजारातली किंमत म्हणजे कुणीतरी बांधलेला अंदाज. त्यावर कुठलेच न्यायालय शिक्षा मोजत नाही. यापुढे प्रत्येक बातमीत जप्त मालाचे वजन आणि लावलेले कलम छापावे, ही विनंती. ‘लाखोंचे’ लिहायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात ते बसते.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, ठाणे