जेफरसनचं काय करायचं?

परवाच्या अभ्यासवर्गात एक पोरगा उखडला. म्हणाला, माणसं जन्मतः समान असं लिहिणारा हा थॉमस जेफरसन, आयुष्यभरात सहाशेवर गुलाम बाळगणारा. फेका साल्याला गटारात!

दोस्तांनो, त्याचा राग खरा आहे. १७७६ चा जाहीरनामा लिहिणाऱ्या हातानेच शेतीच्या वहीत गुलामांची यादी मांडली. त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज. तिच्या पोरांचा बाप कोण, हे जवळजवळ दोनशे वर्षं दडपलं; १९९८ च्या डीएनए तपासणीनंतर कुठे बहुतेक इतिहासकार ताळ्यावर आले. तो मेला आणि कर्ज फेडायला १८२७ मध्ये १३० माणसं लिलावात उभी केली. वर आणि म्हणतात, काळच तसा होता. थापा! त्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर या जमीनदाराने १७९१ मध्ये चारशेवर गुलाम सोडण्याचा दस्त केला. काळ तोच होता की.

तरीपण ते वाक्य फेकायचं नाही. ती काय त्याच्या बापाची इस्टेट आहे? बेंजामिन बॅनेकर या काळ्या पंचांगकर्त्याने १७९१ मध्येच पत्र धाडून जेफरसनचे शब्द जेफरसनच्याच तोंडावर मारले. १९६६ मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथरांनी दहाकलमी कार्यक्रम लिहिला, त्याच्या शेवटी तोच जाहीरनामा लावला. १९७२ ला मुंबईत पँथर हे नाव आलं ते त्यांच्याकडूनच. जेफरसन कोण होता हे त्या काळ्या पोरांना आपण सांगायचं?

हां, पण काळे बुद्धीने कमी असावेत असा संशयही ह्याच गृहस्थाने पुस्तकात छापला. ते खाजगी पाप नव्हे, तो विचारच सडका. त्याच्याशी समझोता नाही.

आणि आपल्या घरचं काय? स्टेजवर समतेवर तासभर बोलणारा आपला एक कार्यकर्ता घरी बायकोला बडवतो, हे निम्म्या वस्तीला ठाऊक आहे. तिथे आपण 'घरची भानगड' म्हणून गप्प. जेफरसन मेलाय, त्याचे शब्द घेऊन आपण चालू पडू शकतो. हा जिवंत आहे, आणि मार खाणारीही जिवंत आहे. समतेचा विचार त्याच्यामुळे खोटा ठरत नाही, पण माईक त्याच्या हातातून काढून घ्यायला कुणी अडवलंय? रविवारच्या बैठकीत हाच विषय. तिलाही निरोप धाडलाय.