मुलाचे बोट धरून पाँपेईत

युरोपचा प्रवास करून आलेल्या कुटुंबास ‘काय काय पाहिले?’ असे विचारले, तर बहुधा शहरांची लांबलचक यादी ऐकावयास मिळते. त्याच कुटुंबातील पाच-सहा वर्षांच्या मुलास तोच प्रश्न विचारावा, म्हणजे उत्तर अगदी निराळे येते. त्यास कबुतरे आठवतात, एखादे कारंजे आठवते, उंच जिना आणि तो चढताना दुखलेले पाय आठवतात. आईबापांचा पैसा यादीवर खर्च होतो आणि मुलाच्या पदरी पडते ते यादीबाहेरचे.

एवढ्या लहान वयात सनावळ्या कळत नाहीत, साम्राज्ये कळत नाहीत. पाणी, पाव, रस्ता, घर, कुत्रा हे मात्र चांगले कळते. म्हणून या गोष्टी जेथे पुष्कळशा जागच्या जागी राहिल्या आहेत, असे एखादेच ऐतिहासिक स्थळ निवडावे आणि त्यास अख्खा दिवस द्यावा. इटलीतील पाँपेई हे असे स्थळ होय.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस पर्वताचा उद्रेक झाला आणि हे नांदते नगर राखेखाली गाडले गेले. १७४८ साली तेथे उत्खननास आरंभ झाला. सुमारे ६६ हेक्टरांच्या या नगराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आजवर उघडा झाला आहे. नेपल्सहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत तेथे पोहोचता येते. १८ वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क पडत नाही. मात्र नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रेक्षकांची मर्यादा घातलेली असल्यामुळे तिकिटे आधीच काढून ठेवावीत. आत सावली थोडी आहे. उन्हाळ्यात दार उघडताच प्रवेश करावा, टोपी व पाणी जवळ ठेवावे. उंचसखल दगडी रस्त्यांवर बाबागाडी नीट चालत नाही. मूल दमले की कडेवर घेण्याची तयारी हवी.

पहिला धडा रस्त्यावरच मिळतो. मध्येच ठोकळ्यांसारखे उंच दगड बसविलेले दिसतात. रस्त्यावरून पाणी वाहत असताना पादचाऱ्यांनी पाय न भिजविता पलीकडे जावे, यासाठी ते होते. गाड्यांची चाके दोन दगडांमधील फटींतून जात. त्या चाकांनी फरसबंदीत खोल खाचा पाडल्या आहेत. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आता लाक्षणिक अर्थानेच वापरतो. येथे मुलास खरीखुरी चाकोरी पाहता येते. पुढे चौकात दगडी हौद लागतो. पाणी घेताना जेथे हात टेकला जाई, तेथे त्याची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. ती कोणी झिजविली असेल, हे आपण न सांगता मुलालाच विचारावे.

भटारखान्यांत लाव्हाच्या दगडाची मोठमोठी जाती उभी आहेत. ती गाढवे फिरवीत. १८६२ साली अशाच एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन पडलेले सापडले. एका घराच्या उंबऱ्याशी साखळीने बांधलेला कुत्रा रंगीत खड्यांनी रेखाटला असून खाली ‘कुत्र्यापासून सावध’ असा लॅटिन इशारा आहे. आपल्याकडील फाटकावरच्या पाटीची ही दोन हजार वर्षांची थोरली बहीणच म्हणावयाची!

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात जावे. आठ फाकांचे ते काळे पाव मुलांना फार आवडतात. मोठ्यांसाठी तेथे घरची एक ओळख आहे. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती महाराष्ट्रात भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत. रोमची संपत्ती भारतीय मालापायी वाहून जाते, दरसाल पाच कोटी सेस्टर्स तरी भारताकडे जातात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे; आणि त्या प्लिनीचा मृत्यू याच उद्रेकात झाला. ही मूर्ती ज्या दालनात आहे तेथील इतर वस्तू केवळ प्रौढांनी पाहण्याजोग्या आहेत; तेव्हा आईवडिलांनी आळीपाळीने आत जाणे बरे.

आता खरा कठीण प्रश्न. ‘ही माणसे कोठे गेली?’ असे मूल पाँपेईत केव्हातरी विचारणारच. राखेत देहांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ पासून फिओरेल्ली या संशोधकाने त्यांत प्लॅस्टर ओतून मृतांचे अखेरचे आकार घडविले. एका बागेत असे १३ जण एकत्र आहेत. त्यांत मुलेही आहेत. हे दाखवावे काय?

मुलास ओढून नेऊ नये. परंतु विचारल्यावर खोटेही सांगू नये. ‘ती झोपली आहेत’ असे सांगितले, तर त्याच रात्री मूल झोपावयास भिईल. ‘ती मेली, पर्वतातून राख पडली आणि सर्वांना दूर जाता आले नाही,’ हे साधे उत्तर ते आईच्या हातात हात असताना सोसू शकते. त्यापुढे आपल्या मनचे कथानक रचू नये. मांडीवर मूल घेतलेल्या आणि हातात सोन्याचे कडे असलेल्या एका आकृतीस लोक वर्षानुवर्षे आई समजत आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तो पुरुष निघाला, आणि त्या मुलाशी त्याचे रक्ताचे नातेही आढळले नाही. ते कोणी का असेनात, शेवटच्या घटकेला ते मूल एकटे नव्हते. इतके आपण मुलास निश्चिंतपणे सांगू शकतो.

२०२४ सालीच पाँपेईच्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने काढलेली चित्रे उजेडात आली. ती पाच ते सात वर्षांच्या मुलांनी काढली असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. त्यांत लढवय्ये आहेत, चेंडू खेळणारी माणसे आहेत, आणि भिंतीवर हात ठेवून त्याभोवती ओढलेली रेघही आहे. तो भाग पाहण्यास खुला नसेल, तर छायाचित्र दाखवावे. घरी परतल्यावर आपल्या मुलाने कागदावर हात ठेवून तशीच रेघ ओढली, तर युरोपच्या यादीतील चार शहरे राहून गेल्याचे कोणी मनास लावून घेऊ नये.