ग्रीष्माच्या अखेरच्या मासातील पाठ

‘जनपदोद्ध्वंस’ हा शब्द आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत कंठस्थ केला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव विकृत झाले की भिन्न प्रकृतीच्या व भिन्न आहाराच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी ग्रासतो, हे प्रतिपादन चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायात आले आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. विद्यार्थी चारही भावांची लक्षणे लिहितो आणि गुण मिळवतो. मात्र अध्यायाच्या आरंभीचा प्रसंग बहुधा दुर्लक्षित राहतो.

पांचाल देशात काम्पिल्य नगरीजवळ, गंगातीरी, ग्रीष्माच्या अखेरच्या मासात भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह वनात फिरत आहेत. ऋतूंची व ग्रह-नक्षत्रांची चिन्हे विपरीत दिसत आहेत, लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रसवीर्य देणार नाही, तेव्हा ती विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा, असे ते अग्निवेशाला सांगतात. व्याधीचा ऊहापोह त्यानंतरचा. पूर्वतयारीचा आदेश आधीचा. हा आदेश वर्गात नव्हे, नदीकाठी, पावसाच्या तोंडावर दिलेला आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे इशारापातळी ४० आणि धोकापातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत एका शाळेतील निवारा केंद्रात मी काही आंतरवासी विद्यार्थ्यांसह सेवा केली. मुले अहोरात्र राबली, त्यांच्या तळमळीत काहीच उणे नव्हते. परंतु टाकीत टी.सी.एल. पावडर किती टाकावी, ओ.टी. चाचणी कशी पाहावी, हे एकालाही निश्चित सांगता येईना. मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले. कोणती गोळी चालू होती, ते त्यांना ठाऊक नव्हते आणि आमच्यापैकी कोणाकडे नोंदही नव्हती.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हता. पूर ओसरल्यावर चिखल उपसणारा एक तरुण ज्वर घेऊन माझ्याकडे आला. डोळे लाल होते, पोटऱ्यांत तीव्र वेदना होती. मी त्याला दोन दिवस काढ्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशी मूत्राचे प्रमाण घटले तेव्हा कोठे रुग्णालयात पाठविले. निदान लेप्टोस्पायरोसिसचे झाले. तो वाचला, पण ते दोन दिवस मी वाया घालवले होते. पुराच्या पाण्याशी संपर्क आणि ज्वर, एवढे दिसताच रुग्ण पुढे पाठवावा, हे मला कोणी पूर्वी करवून घेतले असते तर ती चूक टळली असती. सर्पदंशाबाबतही हेच. प्रतिविष जेथे आहे तेथे रुग्ण वेळेत पोहोचविणे, हेच वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

आपत्ती व्यवस्थापन स्वस्थवृत्ताच्या पाठ्यपुस्तकात आहे, ही गोष्ट खरी. पण पोहणे पुस्तकातून येत नाही. माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने व आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने दरवर्षी ज्येष्ठ मासात एक दिवस प्रत्यक्ष शिक्षणासाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्यांना गावातील पूररेषा दाखवावी. पाणी निर्जंतुक करून, तासाभरानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतो की नाही, हे त्यांच्याच हातून तपासून घ्यावे. सीलबंद नसलेली टी.सी.एल. दमट हवेत निःसत्त्व होते, हेही तेथेच कळेल. कोणता ज्वर, कोणता अतिसार आपल्याकडे ठेवावा व कोणता तत्काळ पाठवावा, याचा सराव घ्यावा. आपल्या शाखेतील वैद्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पावसापूर्वीच द्यावी. पूर आल्यावर ओळख करून घेण्यास वेळ नसतो.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनाही दोन शब्द. चूर्णे, वटी व गुग्गुळकल्प खालच्या फळीवर ठेवू नयेत. नित्य औषध घेणाऱ्या रुग्णांची नोंदवही उंच जागी, जलाभेद्य पिशवीत असावी. आणि पुरात भिजलेला माल उन्हात वाळवून पुन्हा बरणीत भरू नये. नुकसान मोठे असते, हे मी जाणतो. तथापि बुरशी धरलेले चूर्ण रुग्णाला देणे म्हणजे आपल्याच हातांनी दुसरा जनपदोद्ध्वंस घडविणे होय.

धूपन, पथ्यापथ्य, मंदावलेल्या अग्नीचे दीपन, भयग्रस्तांचे सत्त्वावजय, या सर्वांत आयुर्वेदाला देण्यासारखे पुष्कळ आहे. पण हे देणे निवारा केंद्रात ग्राह्य ठरायचे असेल, तर आधी पिण्याचे पाणी शुद्ध हवे आणि पाठवायचा रुग्ण वेळेवर पाठविलेला हवा. येत्या ज्येष्ठात आपल्या शाखेने कोणता दिवस ठरविला, हे सचिवांनी पुढील अंकासाठी अवश्य कळवावे.