पोळ्यापर्यंत सुया गुंडाळा

झरी जामणी तालुक्यात पदवी नाही, नोंदणी नाही, तरी पिशवीत सुई घेऊन गावोगाव, कोलाम पोडांवर फिरणाऱ्यांना हा शेवटचा इशारा.

निंदणाच्या दिवसांत वावरात पायात काटा मोडतो. कातडीखालच्या राखणदार पेशी, मॅक्रोफेज, आत शिरलेला जंतू ओळखून हाकारा देतात. पाय लाल होतो, सुजतो, ठणकतो. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून तिथे पोचतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेतं. 1882 मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून अशीच धावपळ पाहिली होती. जंतू भारी पडू लागला की निरोप मेंदूपर्यंत जातो आणि ताप चढतो. ही फौज आपण जन्मतःच घेऊन येतो.

तुम्ही घाव घालता तो तिच्यावरच. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई टोचली की हाकारा दबतो. पांढऱ्या पेशी रक्तातच फिरत राहतात, जखमेपर्यंत पुरेशा पोचत नाहीत. ताप उतरतो, भूक लागते, माणूस दुसऱ्या दिवशी डवऱ्यामागे उभा राहतो आणि तुमचं नाव होतं. आत जंतूला रान मोकळं. खरा डॉक्टरही स्टेरॉइड देतो, पण तपासून, मोजून. 2021 मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. बेहिशेबी स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांचा त्यात मोठा हात होता. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचा ताप पसरला. त्यात डॉक्सिसायक्लिन हे औषध वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. तुमच्या सुईपायी हीच वेळ हातची जाते.

आणि सिकलसेलची लेकरं? रक्तातले जंतू गाळणारी त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते. अशा लेकराला ताप आला की त्याच घडीला दवाखाना गाठायचा असतो. तुम्ही तो ताप झाकून त्याला घरी पाठवता.

दवाखाना लांब आहे, रात्री गाडी मिळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी आम्ही आरोग्य खात्याशी भांडू. तुम्हाला त्याची सबब मिळणार नाही.

मुदत पोळ्यापर्यंत. त्यानंतर सुई दिसली, तर तारखेनिशी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि मुकुटबन किंवा पाटण पोलीस ठाण्यात जाईल. महाराष्ट्र वैद्यकीय व्यावसायिक अधिनियम, 1961 च्या कलम 33 मध्ये तुमच्यासाठी तुरुंगवास लिहिलेला आहे. उधारी सोडून आम्हाला गप्प बसवता येणार नाही. तुम्ही फेकलेल्या रिकाम्या शिश्या आम्ही आजपासून जपून ठेवतो आहोत.